जिममध्ये वजन उचलताना पायात काय असावं आणि वागावं कसं?

मगरिबची नमाज झाली की मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज अशा शहरांतल्या मोहल्ल्यांमधल्या जिमची दारं गजबजू लागतात. कुणी कारखान्यातून, कुणी दुकानातून, तर कुणी क्लासमधून थेट आलेलं असतं. पूर्वी जिम म्हणजे बॉडी दाखवायची हौस, असं घरातली मोठी माणसं समजायची. आता डॉक्टरच पन्नाशीच्या चाचांना सांगतात, शुगर आटोक्यात ठेवायची असेल तर चालण्याबरोबर थोडं वजनही उचला. दुपारच्या महिला बॅचमध्ये आपल्या बहिणी, वहिन्या आणि कॉलेजच्या मुली दिसू लागल्या आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण जिममध्ये पाऊल टाकणाऱ्या नव्या माणसाला दोन गोष्टी सहसा कुणी समजावून सांगत नाही. पायात काय घालायचं, ही पहिली. चार लोकांच्या जागेत वजन उचलताना वागायचं कसं, ही दुसरी. प्रोटीन कोणतं घ्यायचं यावर तासभर चर्चा होते, पण स्क्वॉट मारणाऱ्या मुलाच्या पायात चप्पल आहे याकडे कुणाचं लक्ष नसतं. दुखापती बहुतेक वेळा अशाच दुर्लक्षातून होतात. घोटा मुरगळतो, कंबर धरते, प्लेट पायावर पडते, आणि बेंच प्रेसवर एकट्याने अडकलेल्या माणसाच्या तर जिवावरही बेततं. म्हणून हे दोन्ही विषय आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत.

तालमीतून आलेली शिस्त

महाराष्ट्रात अंगमेहनतीची जागा म्हणजे तालीम. कोल्हापूर, सांगली, मिरजेच्या तालमींमध्ये हिंदू-मुसलमान पोरं एकाच हौद्यात घुमली, एकाच वस्तादाच्या हाताखाली तयार झाली. कोल्हापूरच्या बाबूजमाल तालमीचं नाव तर मोहरमच्या पंजासाठीही घेतलं जातं. या तालमींचा एक नियम कुणाला शिकवावा लागत नसे. चपला बाहेर काढायच्या. लाल मातीत अनवाणीच उतरायचं, उतरताना माती कपाळाला लावायची किंवा आपापल्या रीतीने तिचा मान राखायचा. वस्तादाने सांगितल्याशिवाय कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही.

जिम मात्र वेगळी जागा आहे. तिथे मऊ मातीऐवजी रबर मॅट आणि टाइल्स आहेत, हातात लाकडी करेल किंवा मुद्गलाऐवजी लोखंडी बार आणि प्लेट आहेत. तालमीतला अनवाणी पाय इथे प्रत्येक वेळी चालेलच असं नाही. पण तालमीचा अदब मात्र तंतोतंत चालतो. आपल्याकडे अडचण अशी झाली की लोखंड आलं, मशिनं आली, आणि वस्तादाची नजर मागे राहिली. फी भरली की जागा आपलीच, अशी समजूत झाली.

पायाखाली नेमकं काय घडतं?

समजा एखाद्याचं स्वतःचं वजन ७५ किलो आहे आणि तो खांद्यावर ६० किलो घेऊन स्क्वॉट मारतोय. २० किलोचा बार आणि दोन्ही बाजूला २०-२० किलोची एकेक प्लेट, म्हणजे झाले ६० किलो. अशा वेळी त्याच्या दोन तळव्यांवर मिळून १३५ किलोचा भार असतो. हा भार जमिनीत जातो तो जोड्याच्या सोलमधून. सोल घट्ट असेल तर पाय स्थिर राहतो. सोल मऊ असेल तर तो दबतो, आणि डावी-उजवी बाजू सारखी दबत नाही. पाय किंचित आत किंवा बाहेर कलतो, त्याच्यामागे घोटा कलतो, मग गुडघा, आणि शेवटी कंबर. गादीवर उभं राहून पाण्याची भरलेली घागर डोक्यावर घेतली तर काय होईल, तसंच हे आहे.

धावण्याचे जोडे मुद्दाम मऊ बनवलेले असतात. धावताना पाय दर पावलाला जमिनीवर आपटतो, तो झटका फोमने शोषून घ्यावा म्हणून. त्यांची टाच पुढच्या भागापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. ट्रेडमिलवर ते उत्तम. पण जे फोम धावताना गुडघ्याला वाचवतं, तेच फोम वजन उचलताना पायाखालची जमीन डळमळीत करतं. शिवाय तुम्ही पायाने जमिनीवर जो जोर लावता, त्यातला काही भाग सोल दाबण्यातच जातो. महागडे रनिंग शूज घेतले म्हणजे जिमचं काम झालं, असं समजणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

कोणत्या व्यायामाला कोणते जोडे?

*डेडलिफ्ट.* जमिनीवरून बार उचलायचा हा व्यायाम. इथे सोल जितका पातळ आणि सपाट तितकं चांगलं. सोल तीन सेंटिमीटर जाड असेल तर तुम्ही बारपासून तीन सेंटिमीटर वर उभे राहता, म्हणजे तेवढं जास्त वाकावं लागतं. उंच टाच असेल तर अंगाचा भार पुढच्या बोटांकडे सरकतो आणि बार अंगापासून दूर जायला लागतो. बार दूर गेला की कंबरेवर ताण येतो. म्हणून अनुभवी लोक डेडलिफ्टला सपाट कॅनव्हासचे जोडे, कुस्तीचे बूट किंवा पातळ स्लिपरसारखे खास जोडे वापरतात.

*स्क्वॉट.* इथे उत्तर माणसागणिक बदलतं. काही जणांचा घोटा पुढे वाकतच नाही. खाली बसताना त्यांची टाच उचलली जाते किंवा पाठ पुढे झुकते. अशांसाठी वेटलिफ्टिंगचे खास जोडे असतात. त्यांची टाचही उंच असते, साधारण २० मिलिमीटर, पण ती कडक असते, दबत नाही. रनिंग शूजची उंच टाच आणि वेटलिफ्टिंगच्या जोड्याची उंच टाच यात हाच मोठा फरक आहे. कडक टाचेमुळे घोट्याला कमी वाकावं लागतं, माणूस ताठ बसतो आणि जास्त खाली जाऊ शकतो. ज्यांचा घोटा छान वाकतो त्यांना सपाट जोडेही पुरतात.

आपला घोटा कसा आहे हे घरीच तपासता येतं. भिंतीसमोर एक गुडघा टेकून बसा आणि दुसऱ्या पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर ठेवा. टाच न उचलता त्या पायाचा गुडघा भिंतीला लागतो का पाहा. सहज लागला तर घोटा मोकळा आहे. टाच उचलली जात असेल तर घोट्याचे व्यायाम करा आणि तोवर खोल स्क्वॉटचा हट्ट धरू नका. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, नमाज पढणाऱ्या माणसाचा घोटा आणि गुडघा बऱ्याचदा चांगला मोकळा असतो. पण दिवसभर खुर्चीवर किंवा बाईकवर असणाऱ्यांचं तसं नसतं.

टाचेखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेट ठेवून स्क्वॉट मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. हलक्या वजनाला ती चालून जाते. वजन वाढलं की मात्र प्लेट सरकू शकते किंवा टाच कडेवरून घसरू शकते. जिममध्ये रबराचा किंवा लाकडाचा उतरता ठोकळा असेल तर तो वापरा, नाहीतर सपाट जमीनच बरी.

*डोक्यावर बार नेणं आणि बेंच प्रेस.* ओव्हरहेड प्रेसला घट्ट सोल हवा, कारण वजन वर आणि आधार खाली, मध्ये डगमगायला जागा नको. बेंच प्रेस पाठीवर झोपून करतात, म्हणून पायाचं काय काम, असं अनेकांना वाटतं. पण पाय जमिनीत रोवलेले असले तरच पाठ बेंचवर पक्की राहते. टाइल्सवर घसरणारा सोल इथे नुकसान करतो.

*ट्रेडमिल, दोरीच्या उड्या.* इथे रनिंग शूजच हवेत. सपाट कॅनव्हासमध्ये रोज अर्धा तास धावाल तर टाच आणि नडगी दुखायला लागेल. दोन्ही करत असाल तर आधी वजन, मग जोडे बदलून ट्रेडमिल, असा क्रम ठेवा.

पैशाचं काय, हा प्रश्न येणारच. वेटलिफ्टिंगचे खास जोडे महाग आहेत आणि हौशी माणसाला त्यांची गरज बहुतेक वेळा नसते. शाळेत पीटीला घालायचे पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात? पातळ, सपाट, कडक रबरी सोल. कबड्डीचे किंवा कुस्तीचे साधे बूटही तसेच. काहीशे रुपयांत मिळतात आणि डेडलिफ्ट-स्क्वॉटला हजारो रुपयांच्या फोमवाल्या जोड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. घेताना तीन गोष्टी बघा. अंगठ्याने दाबल्यावर सोल फारसा दबू नये. पुढे बोटं पसरायला जागा असावी. टाच आतून सुटी होऊ नये. लेस घट्ट बांधून टोकं आत खोचा, लोंबणारी लेस मशिनमध्ये किंवा दुसऱ्या पायाखाली येते.

चप्पल नको, आणि अनवाणी?

चप्पल, सँडल, क्रॉक्स घालून वजन उचलू नये, हे निर्विवाद. पाय त्यात धरला जात नाही, सरकतो. घाईत जिमला आलो आणि जोडे विसरलो, तर त्या दिवशी बसून करायचे हलके व्यायाम करावेत. फक्त मोजे घालून टाइल्सवर उभं राहणंही तसंच धोक्याचं, कारण मोजा घसरतो.

अनवाणी वजन उचलण्यात ताकदीच्या दृष्टीने वाईट काही नाही. जमीन थेट जाणवते, पाय स्थिर राहतो. पण तीन अटी आहेत. जिमचा नियम परवानगी देत असावा. जागा स्वच्छ असावी. आणि तुमच्या पायात पूर्ण संवेदना असावी. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांमध्ये अनवाणी उतरता येत नाही, जोडे लागतातच आणि सोलची जाडी ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजेही सक्तीचे असतात, कारण बार नडगीला घासून रक्त येतं आणि ते बारला लागतं.

तिसऱ्या अटीकडे मधुमेह असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. शुगर बरीच वर्षं असेल तर पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. खडा टोचला, कातडी सोलली, तरी कळत नाही. छोटी जखम चिघळते आणि प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाऊ शकतं. तेव्हा मधुमेह असलेल्या आपल्या अब्बूंना, चाचांना, खालांना जिममध्ये कधीच अनवाणी उभं करू नका. पुढून बंद, पुरेसे रुंद जोडे, सुती मोजे, आणि घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या मधली जागा रोज बघणं, एवढं तरी पाळाच. डोळ्यांना नीट दिसत नसेल तर घरातल्या मुलाने बघावं. आई-वडिलांच्या खिदमतीचाच तो भाग आहे.

पुढून बंद जोडा घातला म्हणून २० किलोची प्लेट पायावर पडली तर पाय वाचेलच असंही नाही. जोडा ठेचा आणि खरचटणं वाचवतो. प्लेट पडू न देणं हाच खरा इलाज.

वुजू, मोजे आणि ओले पाय

आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची येते. जिमच्या वेळेत एखादी नमाज येतेच, कधी असर, कधी मगरिब, कधी इशा. वुजू करून घाईत ओल्या पायावर मोजा आणि वर जोडा चढवला की बोटांच्या मध्ये ओल कोंडते. वर घाम. बुरशीला वाढायला याहून चांगली जागा नाही. खाज, फाटलेली कातडी, वास, हे सगळं तिथून सुरू होतं आणि जिमच्या बाथरूमच्या ओल्या फरशीवरून दुसऱ्यांपर्यंत जातं.

इलाज सोपा आहे. वुजूमध्ये बोटांमधून खिलाल करतोच, त्यानंतर एका छोट्या टॉवेलने ती जागा कोरडी करा. मोज्यांची दुसरी जोडी बॅगेत ठेवा. बाथरूममध्ये स्वतःची रबरी चप्पल वापरा. जोडे रोज बॅगेत कोंडून ठेवू नका, घरी हवेशीर जागी काढून ठेवा.

मोज्यांवर मसह करता येतो का, असं तरुण मुलं विचारतात. चामड्याच्या मोज्यांचा, म्हणजे खुफ्फैनचा मसला वेगळा आहे. पूर्ण वुजू करून ते घातले असतील तर मुक्कामी माणसाला एक दिवस-एक रात्र मसहची सवलत आहे. जिममध्ये घालायच्या पातळ सुती किंवा नायलॉनच्या मोज्यांवर मात्र आपल्याकडच्या बहुतेक उलेमांच्या मते मसह होत नाही. पाय धुवायलाच हवेत.

घामाबद्दलही गैरसमज आहे. घाम नापाक नाही आणि घामाने वुजू तुटत नाही. पण डेडलिफ्ट मारताना तळहाताचा घट्टा फाटून रक्त वाहिलं तर हनफी मसलकात वुजू तुटतो. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी मुस्लिमांच्या मसलकात, त्याने वुजू तुटत नाही. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारावं. नमाज पढायची असेल तर मॅनेजरला विचारून एखादा कोपरा ठरवून घ्या. जाण्या-येण्याच्या वाटेत किंवा कुणी बार उचलत असेल त्या मॅटवर मुसल्ला अंथरू नका. त्यात तुमच्या डोक्यालाही धोका आहे आणि दुसऱ्यांचीही अडचण.

बाहेरचे जोडे बाहेरच

मशिदीत जोडे दाराशी काढायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. तीच सवय जिमला न्या. रस्त्याचा चिखल, गटाराचं पाणी, जनावरांची घाण चिकटलेले जोडे घेऊन आपण त्याच मॅटवर चढतो, जिथे पुढचा माणूस पाठ टेकून पोटाचे व्यायाम करणार असतो. पावसाळ्यात तर ओला सोल टाइल्सवर घसरतो आणि तुमच्याबरोबर तुमच्या हातातलं वजनही जातं. जिमसाठी वेगळी जोडी ठेवा आणि ती तिथे गेल्यावरच घाला. उजवा पाय आधी घालायचा, काढताना डावा आधी, ही सुन्नत जिमच्या बाकावरही पाळता येते.

वजन जागेवर ठेवणं हा सदका आहे

आता वागण्याकडे येऊ. जिममधला सगळ्यात मोठा कलह प्लेटवरून होतो. एक जण बारवर शंभर किलो चढवतो, सेट मारतो आणि तसंच सोडून निघून जातो. मागून येतो तो सोळा वर्षांचा मुलगा, किंवा साठीचे चाचा, किंवा महिला बॅचमधली नवी बहीण. त्यांनी आधी दुसऱ्याच्या प्लेट उतरवायच्या. त्यात कंबर धरली तर जबाबदार कोण?

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, अशा आशयाची हदीस आपण मदरशात शिकतो. मग चालायच्या वाटेत डंबेल टाकून जाणं काय झालं? कुणी ठेचकाळला, पडला, तर तो हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न आहे. स्वतःला इजा करू नका आणि दुसऱ्यालाही करू नका, हे शरीयतचं मोठं सूत्र जिमच्या फरशीलाही लागू होतं.

प्लेट काढायचीही रीत आहे. बार स्टँडवर असताना एका बाजूच्या सगळ्या प्लेट एकदम काढल्या तर दुसऱ्या बाजूच्या वजनाने बार उलटतो आणि मोकळं टोक जोरात वर येतं. आसपास उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर ते बसू शकतं. म्हणून एक प्लेट इकडून, एक तिकडून, असं करा. मोठ्या प्लेट स्टँडच्या खालच्या खुंटीवर, लहान वर. डंबेल आकड्यांप्रमाणे.

बार किती किलोचा आहे हेही माहीत असू द्या. स्पर्धेचा पुरुषांचा बार २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा. आपल्या छोट्या जिममधले जुने रॉड कमी-जास्त असू शकतात, तेव्हा काट्यावर ठेवून एकदा बघून घ्या. नव्या माणसाने रिकाम्या बारपासूनच सुरुवात करावी, त्यात लाज कसली?

वजन आपटण्याबद्दलही बोललं पाहिजे. रबराच्या बंपर प्लेट आणि लाकडी फळी असेल तिथे वरून सोडलेला बार चालतो. आपल्याकडची कितीतरी जिम मात्र इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात, खाली दुकान, वर घरं. लोखंडी प्लेट आपटली की टाइल फुटते, वर झोपलेलं बाळ दचकून उठतं आणि मग सोसायटीत जिमविरुद्ध तक्रारी सुरू होतात. शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद इस्लाममध्ये किती कडक आहे, ते वेगळं सांगायला नको. ज्याला वजन सावकाश खाली ठेवता येत नाही, त्याने ते सध्या उचलू नये, हा साधा हिशोब ठेवा.

स्पॉटर: मागे उभा राहणारा भाऊ

बेंच प्रेस हा तरुणांचा लाडका व्यायाम आहे, आणि सगळ्यात जास्त सावधपणाही त्यालाच लागतो. कारण यात बार थेट छाती आणि गळ्याच्या वर असतो. हात थकले आणि बार खाली आला, तर बाजूला पळायला जागा नसते. म्हणून जड सेटला मागे माणूस हवाच. कुणी नसेल तर दोन्ही बाजूला अडकवणी असलेल्या रॅकमध्ये, अडकवणी छातीच्या उंचीला लावून करा. तेही नसेल तर त्या दिवशी हलकं वजन घ्या किंवा डंबेल वापरा. अंगठा बारभोवती गुंडाळलेला असू द्या. अंगठा मोकळा ठेवून बार धरायची फॅशन आहे, पण त्यात बार तळहातावरून घसरून छातीवर येऊ शकतो.

मदत मागताना गप्प राहून झोपू नका. आधी बोला. "भाई, आठ मारणार आहे, सहानंतर बघा, मी बोललो तरच हात लावा." कोल्हापूरकडे असाल तर, "भावा, जरा मागं उभा रहा की." मागे उभ्या राहणाऱ्यानेही मोबाईल खिशात ठेवावा आणि नजर बारवर ठेवावी. उगाच पहिल्या रेपपासून बार ओढत "तेरा ही है, तेरा ही है" ओरडत राहिलात तर समोरच्याला आपली खरी ताकद कधी कळणार नाही. आणि तुम्हाला स्वतःला तेवढं वजन पेलवणार नसेल तर स्पष्ट सांगा, "मला जमणार नाही, सरांना बोलावतो." नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

बलवान तो नव्हे जो कुस्तीत दुसऱ्याला पाडतो, बलवान तो जो रागाच्या वेळी स्वतःला आवरतो, या आशयाची पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. बारवर शेवटची प्लेट चढवायची की नाही, हे ठरवतानाही स्वतःला आवरायचंच असतं. मित्रांनी चढवलं म्हणून वजन घ्यायचं नाही.

पाळी, घाम आणि आवाज

जिममध्ये गर्दीच्या वेळी एका रॅकवर चार जण वाट बघत असतात. अशा वेळी बेंचवर बसून दहा मिनिटं रील्स बघणं हे दुसऱ्याच्या वेळेवर डल्ला मारण्यासारखं आहे. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं विश्रांती लागते, ते ठीक. त्या वेळात दुसऱ्याला एक सेट मारू द्या. विचारायची पद्धत साधी आहे. "सलाम भाई, किती सेट राहिले? मध्ये एक मारू का?" समोरचा वयाने मोठा असेल तर, "चाचा, तुमचं झालं की सांगा, घाई नाही." बसलेल्याला उठवून त्याच्या जागी आपण बसू नये, ही मजलिसची तालीम इथेही लागू पडते. टॉवेल किंवा बाटली ठेवून दोन-दोन मशिनं अडवून ठेवणंही तसंच चुकीचं.

बेंचवर स्वतःचा टॉवेल अंथरा आणि उठताना घाम पुसा. रोज धुतलेला टी-शर्ट घाला. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असं सांगितलं गेलं ते शेजारी उभ्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून. बंद जिममध्ये ते आणखीच खरं. उलट टोकही नको. अर्धी बाटली अत्तर किंवा बॉडी स्प्रे मारून आलात तर दम्याच्या माणसाचा श्वास कोंडतो.

जोर लावताना तोंडातून आवाज निघतो, ते नैसर्गिक आहे. पण जोर लावताना आई-बहिणीवरून शिव्या देणं हे ताकदीचं लक्षण नाही. बिस्मिल्लाह म्हणून बार उचला, जोर कमी पडत नाही. आणि कुणी न विचारता शिकवायला जाऊ नका. अपवाद एकच, समोरच्याला इजा होणार असं दिसलं तर. तेव्हाही जवळ जाऊन हळू आवाजात सांगा. चारचौघांत हसून सांगितलेली योग्य गोष्टही माणसाला जिम सोडायला लावते.

कपडे, नजर आणि मोबाईल

पुरुषांचं सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत. हनफी मसलकात गुडघाही त्यात धरला जातो. आखूड शॉर्ट्स घालून स्क्वॉटला बसलं की काय होतं ते सांगायला नको. गुडघ्याखालपर्यंतची ट्रॅक पँट घातली तर व्यायामही होतो आणि त्याच कपड्यात नमाजही. फक्त पायाशी फार ढगळ नको, जोड्याखाली येते.

झाकलेल्या कपड्यात वजन उचलता येत नाही, हा जुना समज आता उरलेला नाही. वेटलिफ्टिंगमध्ये कोपर आणि गुडघा सरळ झाले की नाही हे पंचांना दिसावं लागतं, म्हणून पूर्वी ते झाकायला मनाई होती. पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन वेटलिफ्टर कुलसुम अब्दुल्ला यांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०११मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने अंगाला बसणारा पूर्ण लांबीचा पोशाख घालायला परवानगी दिली. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत त्या डोकं आणि हात-पाय झाकून पाकिस्तानकडून उतरल्या. आपल्याच देशात केरळची मजीझिया भानू हिजाब घालून पॉवरलिफ्टिंग करते. बहिणींनी एवढीच काळजी घ्यावी की स्कार्फची टोकं आत खोचलेली असावीत, सेफ्टी पिन नसावी, आणि केबल मशिनजवळ लोंबणारं काही नसावं.

आता भावांसाठी. महिला बॅच दुपारी तीनला सुरू होत असेल तर पावणेतीनला आपला शेवटचा सेट संपलेला असावा. "बस दो मिनिट" करत रेंगाळणारा एक माणूस बाहेर दहा जणींना ताटकळत ठेवतो. काही घरांत मुलीला मोठ्या मुश्किलीने जिमची परवानगी मिळालेली असते. तिला पहिल्याच दिवशी अवघडल्यासारखं झालं तर ती परत येत नाही. मिश्र जिम असेल तर नजर खाली ठेवायचा हुकूम पुरुषांना आधी आहे, हे विसरू नये.

मोबाईलचं शूटिंग हा नवा त्रास आहे. स्वतःची पद्धत तपासायला व्हिडिओ घेणं उपयोगी असतं. पण मागे आरशात कोण दिसतंय ते बघा. कुणाचाही चेहरा, विशेषतः महिलांचा, परवानगीशिवाय टिपायचा नाही आणि टाकायचा तर नाहीच. महिला बॅचमध्ये तर कॅमेरा बंदच ठेवावा, बहिणींनी एकमेकींच्या बाबतीतही. जिमवाल्यांनी हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला तर निम्मे वाद मिटतील.

जिमला निघण्याआधी

बॅगेत एवढं असू द्या: सपाट, घट्ट सोलचे वेगळे जोडे, कोरड्या मोज्यांची जोडी, दोन छोटे टॉवेल, रबरी चप्पल आणि पाण्याची बाटली. रमजानमध्ये इफ्तारआधी जड वजनाच्या वाटेला जाऊ नका. रोज्यात पाणी नसतं, चक्कर येऊ शकते आणि हातात बार असतो. तरावीहनंतर, वजन कमी करून, पाणी पीत केलेला व्यायाम पुरेसा आहे.

जिमचे मालक आणि ट्रेनर यांनाही आमची विनंती आहे. फी घेताना नव्या माणसाच्या पायाकडे एकदा बघा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं बार कसा भरायचा, कसा रिकामा करायचा आणि मागे कसं उभं राहायचं, एवढंच शिकवा. महिला बॅचला शक्य तिथे महिला ट्रेनर द्या.

शरीराचा आपल्यावर हक्क आहे, अशी आपल्याला शिकवण आहे. बलवान मोमिन अल्लाहला दुर्बळ मोमिनपेक्षा अधिक प्रिय आहे आणि भलाई दोघांत आहे, हेही सांगितलं गेलं आहे. ताकद कमवताना दोन्ही वाक्यं लक्षात राहू द्या. शंभर किलो उचलणारा आणि रिकामा बार उचलणारा, दोघांनाही त्या फरशीवर सारखीच जागा आहे. जाताना प्लेट जागेवर ठेवली, बेंच पुसला, नव्या पोराला सलाम केला, की त्या दिवसाचा व्यायाम पूर्ण झाला.